तीन पावसाळे पाहिलेलं नेट

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय संजीवनी,

आज सकाळी साडेसहाला रुखमाबाई टोळीतल्या पाच बायकांना घेऊन शेडनेटच्या प्लॉटवर आल्या. थंडी बरीच होती. मिरचीच्या चार ओळींचं क्रॉसिंग, फुलांना हाताने पराग लावायचं, राहिलं होतं, ते दहापर्यंत उरकलं. मग चहा झाला. फवारणी करायची होती, पण वारा होता म्हणून केली नाही. बायका घरी गेल्या, त्या चारला परत येतील. मी जेवलो, भांडी घासली आणि आता ओट्यावर बसून लिहितो आहे. दोन वाजले आहेत.

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. तू होस्टेलला होतीस तेव्हा एकदा लिहिलं होतं, तेही चार ओळींचं, आणि त्यातली एक ओळ स्वेटर पाठवतो आहे अशी होती. फोनवर मी 'हो' आणि 'बरं' याच्यापुढे जात नाही, हे तुझी आई नेहमी म्हणायची. गुरुवारी तुझा फोन आला तेव्हाही तसंच झालं. तू विचारलंस, आईने ठेवलेलं शेडनेटचं जुनं नेट कोरडं आहे ना, उंदरांनी कुरतडलं नाही ना. मी म्हणालो, हो, बरं आहे. मग तू सांगितलंस की बावीस तारखेला शनिवारी येतेस, ते सगळं नेट पुण्याला नेतेस, जानेवारीतल्या अहमदाबादच्या प्रदर्शनासाठी त्याच्या अकरा पिशव्या करतेस. आईचं नेट तिथे संपेल, आणि मग तू त्या दिल्लीकडच्या कंपनीला नोकरीसाठी होकार कळवणार. मी म्हणालो, बरं. हे पत्र त्या नेटबद्दल आहे. मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, तेव्हा थोडं धीराने वाच.

तुझ्या आईची नेटची पद्धत तुला माहीत आहे असं तू समजतेस, पण तू सुट्टीपुरती यायचीस, मी रोज पाहत होतो. आपल्याकडे शेडनेटचं कापड पाच-सहा वर्षांत उन्हाने खराब होतं. मग लोक ते उतरवतात, बांधावर फेकतात, नाहीतर पेटवून देतात. तू पहिली पिशवी केलीस त्या वर्षी तिने गावात सांगून ठेवलं की फेकलेलं नेट कोणी जाळायचं नाही, मला द्यायचं. लोक हसले. ती रोहिणी नक्षत्रात ते नेट बाभळीच्या कुंपणावर पसरायची आणि पावसाळाभर तिकडे पाहायचीसुद्धा नाही. मी एकदा म्हणालो की चांगलं दिसतंय तेवढं आत्ताच कापून पोरीला पाठव. तर म्हणाली, "काऊन घाई करता? एक पावसाळा पाहू दे त्याले. जे तुटायचं ते आपल्या हातानं तुटते, जे राहायचं ते राहते." दसऱ्यानंतर ती ते झटकायची. कुजका भाग हातात भुगा होऊन यायचा. तो कापून टाकायची, बाकीचं रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि कोपऱ्याला एक लोकरी धागा बांधायची, क्रॉसिंग झालेल्या फुलाला खूण म्हणून बांधतात तो. एक पावसाळा, एक धागा. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाहेर, पुन्हा धुणं, दुसरा धागा. तीन धागे झाले की तुकडा तुझ्यासाठी तयार. बाहेरच्या दुकानात तुझी पिशवी घेणाऱ्या बाईला हे तीन पावसाळे माहीत नसतील. मलाही ते तेव्हा फार महत्त्वाचे वाटत नव्हते.

खरं सांगायचं तर तुझं सगळंच काम मला बरीच वर्षं समजलं नाही. तू सात-आठ वर्षांची असताना आईबरोबर लोकांच्या प्लॉटवर जायचीस. तेव्हा आपलं शेडनेट नव्हतं. आईच्या बोटात ती कडी असायची, वर छोटी वाटी, वाटीत परागकण. फुलाला बोट लावत ती ओळ संपवायची. तू जास्तीची कडी अंगठ्यात घालून बसायचीस आणि कानाला रंगीत धागे गुंडाळून घ्यायचीस. रुखमाबाई तुला 'आली मिरचीची नवरी' म्हणायच्या. पुण्याच्या कॉलेजात तुम्हाला घरातल्या दागिन्यावरून काहीतरी करायला सांगितलं, तेव्हा बाकीच्या मुलींनी आजीची नथ आणि ठुशी आणली आणि तू ती कडी नेलीस. त्यावरून तू वाटी असलेली अंगठी केलीस. कोणी त्यात अत्तराचा बोळा ठेवतं, कोणी वेलदोडा. मला आईने फोटो दाखवला तेव्हा मी म्हणालो, याला पैसे कोण देतं?

आणि ते दुसरं. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं पुण्याला तुझं पहिलं प्रदर्शन पाहायला आलो होतो. अंगठीच्या शेजारी तू एक पाटी लावली होतीस, की माझी आई दुसऱ्यांच्या प्लॉटवर क्रॉसिंगची मजुरी करायची, ही वस्तू तिच्या बोटातून आली. मी तुला बाजूला घेऊन म्हणालो की हे लिहायची काय गरज आहे. पाटी काढून पिशवीत टाकलीस. परतताना तुझी आई जालन्यापर्यंत खिडकीतून बाहेर पाहत होती. देऊळगाव राजाची गाडी लागली, आम्ही चढलो, बसलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी काय चोरी केली व्हती काय?" मी उत्तर दिलं नाही. नंतरही दिलं नाही. आता द्यायचं म्हटलं तरी ऐकायला ती नाही, म्हणून तुला सांगतो. त्या पाटीचं तू ठरव, माझं काही म्हणणं नाही. म्हणजे, आहे. पाटी लाव. तिचं नाव पूर्ण लिही.

तू मला दिलेली पिशवीही मी दोन वर्षं कपाटात ठेवली होती. ह्या वेळी बालाजीच्या यात्रेला मी ती खांद्याला लावून गेलो. रेवड्यावाला म्हणाला, "काय भाऊ, प्लॉटच उचलून आणला काय?" मी म्हणालो, मुलीने केली आहे. त्याने हात लावून पाहिली, उलटी केली, आतली शिवण पाहिली. चेन नाही म्हणाला. मी त्याला तुझंच सांगितलं, की चेन खराब झाली की लोक अख्खी पिशवी फेकतात, म्हणून चेनच नको, लाकडाचं बटण आणि दोरीचा फास, तुटला तर घरी लावता येतो. रंग का दिला नाही म्हणाला. मी म्हणालो, उन्हाने दिला आहे तोच ठेवायचा. ह्या बाजूला पांढरट आहे ना, ती वरची बाजू, तिने मिरचीवरचं ऊन झेललं. एवढं मी एका दमात अनोळखी माणसाशी बोललो. तो म्हणाला, "मग बरोबर हाये," आणि दोन रेवड्या जास्त घातल्या. येताना गाडीत माझ्या लक्षात आलं की तुझ्या कामाबद्दल मी हे सगळं ऐकून ठेवलं होतं, फक्त तुला कधी कळू दिलं नव्हतं.

आता नेटचं लिहितो.

मे महिन्यात आईच्या तेराव्याला ऊन किती होतं ते तुला आठवत असेल. अंगणातला मांडव लहान पडला. सकाळी आठच्या सुमाराला शेजारचा कुलदीप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, सावली कमी पडून राह्यली. कोठ्यातलं ते जुनं नेट बांधू का?" मी म्हणालो, बांध. तेव्हा कोणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. ती आईची घडी घातलेली थप्पी होती, तीन धाग्यांची, तुझ्यासाठी ठेवलेली. ते माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याने ती सोडली, तुकड्याला तुकडा बांधला आणि पंगतीवर ताणून दिली. तू आत्यांच्या शेजारी दुसऱ्या ओळीत बसली होतीस. तुझ्या पत्रावळीवर हिरवट सावली पडली होती, ती मला अजून दिसते. तूही वर पाहिलं नाहीस, मीही नाही. संध्याकाळी मुलांनी मांडव काढला. नेटाला वरण लागलं होतं, तेल लागलं होतं. त्यांनी ते पत्रावळ्यांबरोबर मागच्या खड्ड्यात टाकलं आणि पेटवलं. धूर मी पाहिला. मला वाटलं, पत्रावळ्या जळत आहेत. कुलदीपला यातलं काही माहीत नाही आणि तू त्याला काही म्हणू नकोस. त्याने विचारून घेतलं होतं.

मलाही तीन आठवडे काही कळलं नाही. जूनच्या सुरुवातीला रुखमाबाई सहज आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यंदा नेट काऊन नाही टाकलं बाहेर? पुष्पाबाई तं रोहिण्या लागल्या की टाकत होती." मी कोठ्यात गेलो. कोपऱ्यात नुसत्या विटा होत्या, ज्यांच्यावर ती थप्पी ठेवायची. मग खड्ड्यापाशी गेलो. प्लॅस्टिक जळून त्याचे काळे दगडासारखे गोळे झाले होते. तू एकदा आईला म्हणाली होतीस, मी काही प्लॅस्टिक संपवत नाही, आई, मी फक्त त्याचं जळणं दहा वर्षं लांबवते. ते मी तिथे उभा असताना आठवलं.

त्याच दिवशी गावातले नारायणराव त्यांचं आठ वर्षांचं शेडनेट उतरवत होते. मी गेलो आणि मागितलं. ते म्हणाले, "घेऊन जा बुवा, पण त्या चिंध्यांचं करता काय?" मी म्हणालो, पावसात टाकतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बायको गेल्यापासून माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. दोन खेपा करून आणलं आणि कुंपणावर पसरलं. यंदाचा पाऊस तुला माहीत आहे, सप्टेंबरात पिकं बसली लोकांची. नेटाचं मात्र दोन वर्षांचं काम एका वर्षात झालं. दसऱ्यानंतर झटकलं तर अर्ध्याहून जास्त गळून पडलं. उरलेलं मी कापायला बसलो. पहिले दोन तुकडे आडवे कापले, ते उसवत गेले. रुखमाबाई शेजारी चहा पीत होत्या, म्हणाल्या, "भाऊ, तुमी बारावी शिकले, पण नेट काही शिकले नाही." मग त्यांनी दाखवलं, विणीच्या कडेकडेने कसं जायचं. रिठे मी आदल्या रात्री भिजवायला विसरायचो. आता विसरत नाही. काही ठिकाणी नारायणरावांनी फाटलेलं नेट सुतळीने शिवलं होतं. ते शिवलेले भाग मी कापून टाकणार होतो. मग तू आईच्या फाटक्या छत्रीचं काय केलं होतंस ते आठवलं, ठिगळ लपवलं नव्हतंस, उलट बाहेर आणलं होतंस. म्हणून ते ठेवले. एकूण एकवीस तुकडे निघाले, प्रत्येकाला मी एक धागा बांधला. हाताला चांगले लागतात. अकरा पिशव्यांना पुरतील की नाही ते मला समजत नाही.

गुरुवारी तुझा फोन झाल्यावर मी रुखमाबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं? दोन-दोन धागे आणखी बांधा. एकाचे तीन. पोरीले काय समजते? आईचं म्हणून नेईल, तिचं काम तं थांबणार नाही." मला ते पटलं. शुक्रवारी दुपारी मी एकवीस तुकड्यांचे तीन-तीन धागे पूर्ण केले, लाल, पिवळा, निळा, ती बांधायची तसे. थप्पी विटांवर ठेवली. अगदी तशीच दिसत होती. त्या दिवशी मी नीट जेवलो. काल दिवसभरही मला हलकं वाटत होतं.

आज सकाळी क्रॉसिंग चालू असताना टोळीतली एक नवी बाई घाईघाईने धागे बांधत चालली होती. रुखमाबाईंनी तिचा हात धरला आणि विचारलं, "पराग लावला का आधी?" ती म्हणाली, लावते ना मागून. रुखमाबाई तिला जे बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. तुला या कामातली ही एक गोष्ट माहीतच आहे. ज्या फुलाला हात लागला नाही त्याला धागा बांधायचा नाही. फळ सारखंच येतं, सारखंच पिकतं, कोणाला ओळखू येत नाही, आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी माणसाच्या शेतात त्या बियांतून भलतंच उगवतं. तुझ्या आईने याच कारणावरून तिच्या मावसबहिणीला टोळीतून घरी पाठवलं होतं. नात्यात दोन वर्षं बोलणं बंद होतं. मी तेव्हा तिला म्हणालो होतो की चार फुलांसाठी एवढं कशाला. आज मी ओळीच्या टोकाला उभा होतो आणि रुखमाबाई माझ्याकडे पाहत नव्हत्या. मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही. चहा झाल्यावर मी कोठ्यात जाऊन थप्पी काढली आणि गाठी सोडायला लागलो. थोड्या वेळाने त्या आल्या, म्हणाल्या, "मीच सांगितलं व्हतं, माझंच तोंड जळो," आणि समोर बसून त्याही सोडायला लागल्या. लोकरीची गाठ घट्ट बसली की सुटता सुटत नाही. तासभर गेला. आता प्रत्येक तुकड्याला एकच धागा आहे. पावसाळाही एकच झाला आहे.

तर कोठ्यात आहे ते आईचं नेट नाही. आईचं नेट मे महिन्यातच संपलं, तिच्याच तेराव्याला लोकांना सावली करून, आणि ते माझ्या हो म्हणण्याने झालं. हे मी तुला फोनवर सांगितलं असतं तर तू 'बाबा, असू द्या' म्हणाली असतीस, मी 'बरं' म्हणालो असतो आणि तुला खरोखर काय वाटलं ते मला कधीच कळलं नसतं. म्हणून लिहिलं. तू शनिवारी येशील तेव्हा तुला आधीच माहीत असावं. राग आला असेल तर वाटेतच येऊ दे, घरी येऊन गिळू नकोस. आणि त्या कंपनीचं. ते लोक नवीन प्लॅस्टिकला चामड्यासारखं करतात आणि वर पानाचं चित्र लावतात, हे तूच हसून सांगितलं होतंस. पगार चांगला आहे, तू दमली आहेस, आई नाही. तू होकार दिलास तरी मी तुझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहणार नाही. पण आईचं नेट संपलं म्हणून होकार देऊ नकोस, कारण ते संपल्यालाही आता सहा महिने झाले आणि तू या सहा महिन्यांत काम केलंच आहेस. नारायणरावांचे मेहुणे मार्चमध्ये त्यांचं नेट उतरवणार आहेत, त्यांना मी सांगून ठेवलं आहे. रोहिण्या लागल्या की मी ते बाहेर टाकीन. तू काहीही ठरवलंस तरी टाकीन. मला आता ते काम येतं. हे एकवीस तुकडे हातात घेऊन पाहा. नाही चालले तर तोंडावर सांग, मी पुन्हा पुढच्या पावसाळ्यात ठेवतो. चालले तर प्रदर्शनात एकाच पावसाळ्याचे आहेत असं सांग.

साडेतीनला लाईट येते. मोटारीजवळ जातो, काकडीच्या ओळींना पाणी सोडायचं आहे. पाइपाचा पहिला कॉक घट्ट झाला आहे, त्याला फडकं गुंडाळून फिरवावं लागतं.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा